शनिवारच्या टोपलीतली खोटी गुच्छी

थंडी सरून झाडांना पालवी फुटली की शहरातल्या बऱ्याच जणांचे पाय रानाकडे वळत. कुणी रानलसणीची पानं आणी, कुणी हातमोजे चढवून खाजऱ्या पाल्याचे कोवळे शेंडे खुडी, आणि ज्यांना जागा ठाऊक असत ते गुच्छी आणत. मधाच्या पोळ्यासारखी खळग्याखळग्यांची टोपी असलेली ही अळंबी वसंतात चार आठवडे उगवते आणि तेवढ्यात लोकांना वेड लावून जाते. रानातून आणलेलं घरी शिजवण्याआधी भाजीबाजारामागच्या एका खोलीत दाखवून घ्यायची सोय नगरपालिकेनं केली होती. बुधवार आणि शनिवार, सकाळी सात ते बारा.

त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे तपासणीबाईच म्हणत. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, नखांत कायम माती. समोर पत्र्याचं टेबल, त्यावर पांढरा इनॅमलचा ट्रे, एक छोटी सुरी, वाकवता येणारा दिवा आणि नोंदवही. माणूस आला की टोपली ट्रेमध्ये ओतायची, चांगलं एकीकडे, वाईट पायाजवळच्या लाल बादलीत, वहीत नोंद, चिठ्ठीवर शिक्का. सात वर्षं हेच काम. त्यांच्या हातून निसटलेल्या अळंबीनं कुणी आजारी पडलं, असं एकदाही झालं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, एवढंच.

त्या वर्षी पहिल्याच शनिवारी घड्याळजी आले. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. सत्तरीचे, ताठ, डोळ्याचं भिंग दोरीनं गळ्यात अडकवलेलं. बाईंच्या सात वर्षांत ते कधी या खोलीत आले नव्हते. टोपलीत तीसेक गुच्छी होत्या, बघून जीव हरखावा अशा. बाईंनी त्या ट्रेमध्ये पसरल्या आणि त्यांचा हात थांबला.

"काका, ही गुच्छी नाही हो." त्यांनी एक उचलून उभी चिरली. "हे बघा. खरी गुच्छी शेंड्यापासून देठापर्यंत पोकळ असते, नळीसारखी. हिच्यात कप्पे आहेत. आणि वर खळगे नाहीत, वळ्या आहेत, मेंदूसारख्या. ही खोटी गुच्छी. विषारी."

"असं का," घड्याळजी म्हणाले. "दिसायला तर बहिणी-बहिणी."

"चुलत म्हणा फार तर," बाई हसून म्हणाल्या आणि ती बादलीत टाकली. चूक कुणाचीही होते.

पुढच्या शनिवारी पुन्हा एक निघाली. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा एक. तेव्हा मात्र बाईंच्या मनात पाल चुकचुकली. एक तर ती नेहमी एकच असे, दोन नाही की शून्य नाही. दुसरं, ती नेहमी तळाशी असे. आणि तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यात खटकली. बाकीच्या गुच्छींच्या देठांना ओली माती चिकटलेली असे, पण ही खोटी स्वच्छ पुसलेली असे. जो माणूस केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं उचलून जागेवर बसवतो, त्याला वळ्या आणि खळगे यांतला फरक दिसत नाही?

तिसऱ्या शनिवारी घड्याळजींनी सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, ही समजा शिजवली, तर चवीत कळतं?"

"नाही."

"आणि त्रास किती वेळानं सुरू होतो?"

"आठ-दहा तास काहीच होत नाही. म्हणून तर वाईट." बाईंनी सुरी खाली ठेवली. "का विचारताय?"

"माहिती असलेली बरी."

बाईंनी मग तीच गोष्ट सांगितली, जी त्या दर वर्षी अशा लोकांना सांगत आल्या होत्या. "काका, नऊ वर्षांपूर्वी याच शहरात एकानं टोपली इथे न दाखवता घरी नेली. आळस, दुसरं काय. बायको गेली बिचारी चार दिवसांत."

घड्याळजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "न दाखवता?"

"हो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या सरांनी. माझ्या आधी तेच बसायचे इथे. सगळं त्यांनीच शिकवलं मला."

"हुशार माणूस," घड्याळजी म्हणाले आणि टोपली उचलून निघून गेले. शिक्क्याची चिठ्ठी मात्र त्यांनी पाकिटाच्या आतल्या कप्प्यात नीट घडी घालून ठेवली. लोक ती चिठ्ठी दाराबाहेर पडताच फेकून देत.

घरी बाईंच्या डोक्यातून ते जाईना. त्यांचा नवरा पोस्टात होता आणि प्रत्येक गोष्टीची थट्टा करणं हा त्याचा धर्म होता.

"म्हणजे म्हातारा कुणाला तरी संपवणार आहे, आणि त्याआधी शस्त्र तुझ्याकडून तपासून घेतोय? परवान्यासकट?"

"हसू नकोस. त्यानं तास विचारले. चव विचारली."

"अगं, मग पोलिसांत जा."

"काय सांगू? म्हातारा दर शनिवारी विष घेऊन येतो आणि ते मला देऊन जातो?"

तो चहा करायला उठला.

सोमवारी बाई मुद्दाम घड्याळजींच्या दुकानाशेजारी पाव घ्यायला गेल्या. पाववाली तोंडाची सैल होती, तिला बोलतं करायला फार कष्ट पडत नसत.

"घड्याळजी? वरच राहतात की, दुकानाच्या माडीवर. ते आणि त्यांची मेहुणी. म्हणजे वारलेल्या बायकोची थोरली बहीण. एका घरात राहतात, पण विळ्याभोपळ्याचं सख्य. शब्दाला शब्द नाही. काही लागलं तर कागदावर लिहून ठेवतात म्हणे, साखर संपली, नळ गळतोय. माझ्या देखत कधी बोललेले नाहीत."

"मग एकत्र राहतात कशाला?"

"जायचं कुठे या वयात? घर बायकोच्या माहेरचं. निम्मं मेहुणीचं, निम्मं यांचं. एक गेल्याशिवाय दुसऱ्याचं होत नाही."

बाईंनी पाव घेतला आणि सुटे पैसे घ्यायचे विसरल्या.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. घड्याळजी शुक्रवारी दुकान बंद ठेवून रानात जातात हे पाववालीकडूनच कळलं होतं. सकाळच्या बसनं त्या शेवटच्या थांब्यावर उतरल्या आणि बऱ्याच अंतरानं त्यांच्या मागे चालू लागल्या. आपण काय करतोय याची लाज वाटत होती, पण पाय मागे फिरत नव्हते.

रान अजून बोडकंच होतं. झाडांवर हिरवं म्हणावं असं फक्त धुकं होतं, जमिनीवर मात्र रानलसणीचे गालिचे आणि त्यांचा उग्र वास. घड्याळजी काठीनं पालापाचोळा हलकेच बाजूला करत, वाकत, चाकूनं देठ कापून गुच्छी टोपलीत ठेवत. एकदाही हात चुकला नाही. जुना सराईत माणूस होता. तासाभरानं ते ओढा ओलांडून पलीकडच्या वाळूच्या उतारावर गेले, जिथे सुईसारख्या पानांची झाडं होती. तिथे गुच्छी उगवत नाही हे बाईंना ठाऊक होतं, आणि दुसरं काय उगवतं हेही. घड्याळजी सरळ एका खोडापाशी गेले. खाली गुडघे टेकून त्यांनी एक तांबूस, वळ्यावळ्यांची अळंबी कापली. भिंग डोळ्याला लावून सगळीकडून पाहिली. रुमालानं पुसली. खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली, तीत ती ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

बाई झाडाआड उभ्या राहून हे पाहत होत्या.

पुढे जाऊन त्यांना तिथेच गाठावं असं एकदा वाटलं. पण गाठून म्हणायचं काय? म्हातारा म्हणेल, चुकून घेतली. त्यापेक्षा जिच्या जिवावर बेतणार आहे तिलाच सावध केलेलं बरं. घड्याळजी अजून दोन तास तरी परतणार नव्हते. बाई उलट पावली थांब्यावर आल्या, मिळाली ती बस पकडली आणि थेट घड्याळजींच्या माडीवर जाऊन दार वाजवलं.

दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या, उंच, करड्या केसांच्या बाईंनी. हातात ओलं फडकं.

"दुकान बंद आहे. उद्या या."

"मावशी, मला तुमच्याशीच बोलायचंय. मी बाजारातल्या तपासणीच्या खोलीत असते."

मावशींचा चेहरा एकदम दगड झाला. दार मिटतंय की काय असं वाटलं. पण त्यांनी बाजूला होऊन आत घेतलं.

स्वयंपाकघर लहान आणि लखलखीत होतं. टेबलाच्या दोन टोकांना दोन खुर्च्या, दोन फळ्या, दोन चहाचे डबे. मध्ये एक वही आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. उघड्या पानावर लिहिलं होतं, "दिवा गेलाय. जिन्यातला." आणि खाली दुसऱ्या अक्षरात, "पाहिला."

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "मावशी, तुमचे मेहुणे रानातून अळंबी आणतात. ती खाऊ नका. एवढंच सांगायला आले."

मावशी फडकं पिळत राहिल्या. "या घरात नऊ वर्षांत अळंबी शिजलेली नाही."

"मग दर शनिवारी टोपली..."

"कालव्यात ओततात. पुलावरून. मी खिडकीतून बघते." त्या वळल्या. "का? काय होतं टोपलीत?"

बाईंनी सांगितलं. डबी, रुमाल, तळाशी लपवलेली एक. मावशी ऐकत हळूच खुर्चीवर टेकल्या.

"नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण. यांनी आणलेल्या गुच्छी तिनं लोण्यात परतल्या. यांना त्या दिवशी दाढेचा ठणका, म्हणून ते जेवलेच नाहीत. मी गावाला होते. ती एकटी जेवली."

जी गोष्ट त्या सात वर्षं लोकांना सांगत होत्या, तिचं घर हे होतं. आणि ती त्यांनी कुणाच्या तोंडावर सांगितली होती!

"भावोजी म्हणत होते, टोपली दाखवली होती, शिक्का मिळाला होता. मी म्हटलं, चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी नाही. अळंबी साफ केली तेव्हा ती कचऱ्याबरोबर गेली म्हणे. मी तुमच्या त्या सरांकडे गेले. त्यांनी वही उघडून दाखवली. नाव नव्हतं." मावशींनी फडकं टेबलावर ठेवलं. "त्या दिवसापासून मी या माणसाशी बोललेले नाही. चूक केली असती तर माफ केलं असतं. पण खोटं बोलले. माझ्या बहिणीच्या नावावर खोटं बोलले."

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांना बरंच उमगलं होतं. म्हातारा कुणाला मारणार नव्हता. तो त्यांना तपासत होता. ती खोली, तो ट्रे, ती सुरी यांच्यातून विष निसटू शकतं का, हे तो दर शनिवारी पाहत होता. आणि निसटलंच, तर शिक्क्याची चिठ्ठी या वेळी त्याच्या पाकिटात होती.

त्यांना पहिल्यांदा राग आला. सरांवर संशय! ज्या माणसानं त्यांना अळंबी नाकानं ओळखायला शिकवलं, "शंका आली की बादली" हे रोज दहादा घोकवून घेतलं, तो माणूस नोंद चुकवेल? राग आला म्हणूनच त्या तशाच तपासणीच्या खोलीत गेल्या आणि जुन्या नोंदवह्यांचं कपाट उघडलं. सरांची बाजू त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती.

नऊ वर्षांपूर्वीची वही सापडली. वसंताच्या चार आठवड्यांची पानं म्हणजे नुसता चिखल. मातीचे अंगठे, पाण्याचे डाग, मध्येच शाई संपली म्हणून पेन्सिल, घाईत तिरपी झालेली अक्षरं. बाईंच्या स्वतःच्या वह्याही अशाच असत. मातीच्या हातांनी नोंदी करताना दुसरं काय होणार? आणि मग तो शनिवार आला. अठ्ठेचाळीस नोंदी. एकाच शाईत, एकाच सरळ अक्षरात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पानावर मातीचा एक ठिपका नव्हता.

बाईंनी ते पान दिव्याखाली धरलं. शिवणीपाशी बोट फिरवलं. आधीचं एक पान मुळातून, पट्टी लावून कापलं होतं. त्याची दोराएवढी कड बोटाला लागली.

शनिवारी सकाळी घड्याळजी आले. बाईंनी टोपली ओतली, तळची एक खोटी न चिरताच उचलून बादलीत टाकली आणि शिक्का मारला. बारा वाजता खोलीला कुलूप लावून, वही पिशवीत घालून बाई सरांकडे गेल्या.

सर चौथ्या मजल्यावर एकटे राहत. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. खिडकीत कुंड्या, भिंतीवर अळंब्यांची त्यांनी स्वतः काढलेली चित्रं. बाईंना पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ये ये! या वर्षी गुच्छी चांगली आहे म्हणतात. तुला काय, बसायलाही वेळ नसेल!"

बाईंनी वही काढून ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी चष्मा लावला, पाहिलं आणि चष्मा काढला.

"त्यानं पाठवलं तुला?"

बाईंना त्या प्रश्नातच उत्तर मिळालं. कारण अजून त्यांनी कुणाचं नावही काढलं नव्हतं.

"कुणी नाही पाठवलं, सर. मीच आले. हे पान इतकं स्वच्छ कसं?"

सर उठून खिडकीपाशी गेले. एका कुंडीतलं सुकलेलं पान खुडलं. मग दुसरं. बाई थांबल्या.

"रांग दारापासून मासळीच्या गाळ्यांपर्यंत गेली होती," सर पाठमोरेच म्हणाले. "मी एकटा. ओतायचं, निवडायचं, पुन्हा भरायचं. घड्याळजी म्हणजे जुना माणूस. माझ्याइतकीच अळंबी कळायची त्याला. मी टोपलीत वरवर पाहिलं, हात घातला, म्हटलं, तुमचं काय बघायचं. आणि शिक्का मारला."

"ओतली नाहीत?"

"नाही."

"आणि मग?"

"मंगळवारी कळलं ती गेली. त्याच रात्री पान लिहून काढलं. सत्तेचाळीस नोंदी जशाच्या तशा आणि एक मनानं घातलेली, कारण नाहीतर दिलेल्या चिठ्ठ्यांशी आकडा जुळला नसता." ते वळले. "एक नोकरी होती माझ्याकडे. दुसरं काय होतं? आणि तो बोलला, मग बोलायचं थांबला. मला वाटलं, विसरला."

"ती गोष्ट तुम्ही मला शिकवलीत, सर. न दाखवता नेली म्हणून. मी ती त्यांनाच सांगितली. त्यांच्या तोंडावर."

सर परत येऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तू काय करणार आहेस?"

"तुम्ही लिहून द्या. नाही दिलंत तर मी ही वही घेऊन जाईन."

"मी तुला सगळं शिकवलं."

"म्हणून तर आधी इथे आले."

सरांनी कागद घेतला. चार ओळी लिहायला त्यांना अर्धा तास लागला. बाईंनी त्या वाचल्या, एक शब्द गाळलेला होता तो घालून घेतला आणि खाली सही मागितली.

दुसऱ्या दिवशी त्या माडीवर गेल्या. टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसली होती. बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि तो कागद त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना त्यांची नजर मावशींवर होती. घड्याळजींकडे बघायचं धैर्य होत नव्हतं.

मावशींनी कागद हातात घेतला, स्वतः वाचला, पुन्हा वाचला.

"भावोजी," त्या म्हणाल्या. नऊ वर्षांनी.

घड्याळजी टेबलावरची पेन्सिल बोटांत फिरवत होते. "मी सांगत होतो," ते म्हणाले. "पण एक सांगायचं राहिलं होतं. ती अळंबी टोपलीत घातली कुणी? मीच. त्यानं ओतली नाही हे खरं. पण कापली मी. ते कुठल्या वहीत लिहायचं?"

मावशी उठल्या. खोलीत उगाच एक फेरी मारली, नळ सोडला, बंद केला. मग आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. आतून रडणं ऐकू आलं नाही, पण त्या बाहेरही आल्या नाहीत.

बाई निघाल्या तेव्हा घड्याळजी जिन्यापर्यंत आले.

"बाई, तुम्ही केलंत ते कुणी केलं नसतं. म्हणून तुम्हाला हे सांगायला हवं. राग मानू नका." त्यांनी आवाज खाली आणला. "दुसऱ्या शनिवारी मी दोन टाकल्या होत्या. तुम्ही एक काढलीत."

बाई पायरीवरच थांबल्या. "शक्य नाही. मी ओतते. एकेक बघते."

"त्या दिवशी गर्दी होती. एक छोटी होती, मोठ्या खऱ्या गुच्छीच्या पोकळीत बसेल एवढी. मी बसवली होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात? चिठ्ठी होती तुमच्याकडे. हेच तर हवं होतं तुम्हाला!"

"पुलापर्यंत गेलो तोवर बोलायचंच ठरलं होतं," घड्याळजी म्हणाले. "मग वाटलं, हिची नोकरी जाईल, हिचं घर असेल. आणि टाकून दिली."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. खरं बोलतोय की उरलेला हिशेब चुकता करतोय, काही कळेना. भिंग गळ्यात तसंच लोंबत होतं.

सरांचा कागद वहीसकट बाईंनी नगरपालिकेत दिला. चौकशी झाली. सरांना बोलावलं, त्यांनी सगळं कबूल केलं. त्यांच्या हस्ताक्षरातलं दारावरचं सूचनांचं पत्रक काढून नवं छापील लावलं. बाईंच्या जोडीला दुसरी तपासनीस मिळाली, आणि नियम झाला की प्रत्येक गुच्छी चिरायचीच, माणूस कितीही जुना असो. रांग दुप्पट झाली. लोक कुरकुरायचे, चिरलेली चांगली दिसत नाही म्हणायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि चिरत राहायच्या. आठवड्यातून एकदा त्या सरांकडेही जात. दोघं फार बोलत नसत.

पाववालीनं सांगितलं, माडीवर आता आवाज येतो. "बोलायला लागली की! म्हणजे भांडायलाच. नऊ वर्षांचं साठलेलं. परवा नळावरून तासभर चाललं होतं. ऐकायला बरं वाटतं हो."

घड्याळजी पुन्हा खोलीत आले नाहीत. गुच्छींचे दिवस संपले, उन्हाळा लागला, तरी बाईंना स्वस्थता नव्हती. त्या दुसऱ्या शनिवारची नोंद त्यांनी काढून पाहिली. मातीचे डाग, तिरकी अक्षरं, बावन्न माणसं. गर्दी होती, एवढं खरं. त्यापलीकडे पान काही सांगत नव्हतं.

शेवटी एके दुपारी त्या दुकानात गेल्या. घड्याळजी एक उघडं घड्याळ पुढ्यात घेऊन बसले होते.

"काका, एकच विचारते. खरंच दोन होत्या?"

घड्याळजींनी भिंग काढलं. बराच वेळ आठवत राहिले, कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून.

"त्या दिवशी खात्री होती म्हणून बोललो," ते म्हणाले. "आता खरं सांगू? मला नक्की आठवत नाही, बाई. दोन टाकायच्या असं ठरवलं होतं, हे आठवतं. टाकल्या की नाही..." त्यांनी हात उघडून दाखवला आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. चहा घेता का?"

बाई बसल्या. वरून मावशींनी कशाला तरी घड्याळजींना मोठ्यानं हाक मारली, आणि त्यांनी तितक्याच मोठ्यानं, "आलो आलो!" म्हणून उत्तर दिलं.